उभं गवत

गायरानाचा लिलाव यंदा झालाच नाही.
दरसाल आखाडात चावडीपुढं बोली लागायची,
गवत एकाचं व्हायचं
अन् आम्ही बाया पेंढीमागं पैसे मोजून कापायचो.
यंदा बोली नाही. यंदा नुसतं बोलणं.

वनरक्षक गुट्टे उभा राहिला,
मोबाईलात एक धुरकट फोटो:
पवन्याच्या शेंड्यावर काहीतरी काळं, हवेत.
"हा तणमोर. नर आहे.
मादीला दिसावं म्हणून गवतातून उडी मारतो."
मागून कुणीतरी म्हणालं,
"उड्या तर आमच्याकडं पुढारीबी मारतात."

मी विचारलं, उडी त्याची,
माझ्या दोन म्हशींनी काय खावं?
बाईनं प्रश्न केला की सभेला तहान लागते.
तांब्या फिरला.

अंडी कुठं घालतो, गुट्टेला ठावं नाही,
मास्तरला नाही,
दुर्बीण घेऊन संभाजीनगरहून आलेल्या पोरींना नाही.
सुरमल काळेला ठावं होतं.
तो दाराशी, चपलांच्या ढिगापाशी उकिडवा.
गावात चोरी झाली की पहिली झडती त्याच्या पालाची.
गायरानातून त्याला तीनदा उठवलं,
एकदा जेसीबीनं.

"माझा बाप फासे लावायचा," तो म्हणाला,
"घोड्याच्या शेपटीच्या केसाचे.
पाखराच्या पायाला कळायचंबी नाही.
खाल्लाय मी तणमोर, खोटं कशाला सांगू.
कुठं दबतो, कुठून चालत निघतो,
झोपेत विचारा.
दाखवीन.
पण त्याचं अंडं राखायचं अन् माझी चूल मोडायची,
हे एका गायरानात नाही व्हायचं."

पंखा तेवढा फिरत होता.
सरपंचबाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही,
हे मी पाहिलं.
"लिहून घ्या," म्हणाली.

दोन ओळींचा ठराव.
चौदा एकर पवना दसऱ्यापर्यंत कापायचा नाही.
सुरमलचं पाल हलवायचं नाही.
सह्या, अंगठे. दादाराव उठून गेला,
अजून माझ्याशी बोलत नाही,
जसं काही अंडं मीच घातलं.

ज्याच्या गंजीत कडबा जास्त, त्यानं द्यायचा ठरला.
माझ्या दारात सोळा पेंढ्या आल्या,
त्यातली एक बुरसटलेली.
कुणाची, ते मला ठावं आहे.

मायाप्पाची मेंढरं ओढ्याकडून वळू लागली,
कोसभर जास्त चालून.
कुत्री दावणीला बांधली,
अन् भाद्रपदात कुत्रं बांधून ठेवणं म्हणजे काय,
ते रात्रभर जागलेल्या गावाला विचारा.

त्याच्या आधी, श्रावणात एका सांजेला
सुरमलनं ओंजळ तोंडाशी धरली,
बेडकागत टर्र आवाज काढला.
याच आवाजानं बाप त्याला फाशाजवळ आणायचा.
एकदाच काढला. मग हात लुगड्याला पुसावेत तसे
धोतराला पुसले.
"बस. लई बोलवलं तर माणसाची सवय लागंल."
गवतातून उत्तर आलं,
तणमोराचं की बेडकाचं, मला नाही उमगलं.

खंडेनवमीला विळा पुजला.
दसरा सरल्यावर गवतात उतरले.
कुसळं लुगड्यात, पोटरीत, अंबाड्यात.
दुपारकडं हाताखाली एक खळगा लागला,
ताटलीएवढा, आतून दबलेला.
त्यात शेवाळी रंगाचं टरफल,
नखाएवढं.

सुरमलला हाक मारली.
त्यानं तळहातावर घेतलं, उन्हात फिरवलं,
पिल्लू निघून गेलं
की कुणी आधीच खाल्लं,
त्याला कळलं असणार.
बोलला नाही. होतं तिथं ठेवलं.

मी तणमोर अजून पाहिलेला नाही.
खळग्याभोवती हातभर गवत सोडून
पुढं कापत गेले.
सांजेला म्हशींपुढं
एक पेंढी कमी पडली.